भावनिक बुद्धिमत्ता : नेतृत्वाचा दुर्लक्षित पाया

कार्यालय उघडले, की सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "साहेबांचा मूड कसा आहे आज?" अमरावतीच्या जिल्हा कचेरीच्या परिसरात, अकोल्याच्या बाजारपेठेत, बँकेच्या शाखेत, शाळेच्या शिक्षक दालनात, जिनिंग कारखान्याच्या फाटकावर हा प्रश्न सारखाच ऐकू येतो. उत्तर 'चांगला' असेल, तर रजेचा अर्ज पुढे सरकतो, अडलेली फाईल टेबलावर येते, झालेली चूक सांगितली जाते. उत्तर 'वाईट' असेल, तर हे सारे उद्यावर जाते. म्हणजे एका माणसाच्या मनःस्थितीवर दहा-वीस जणांचे काम आणि बाहेर ताटकळणाऱ्या शंभर जणांचा दिवस अवलंबून राहतो. भावना ही घरी ठेवून येण्याची गोष्ट आहे, कार्यालयात तिचे काय काम, असे म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार करावयास हवा.

स्वतःच्या भावना ओळखणे, त्यांना योग्य वळण देणे, समोरच्याच्या भावना समजून घेणे आणि या समजुतीचा उपयोग करून माणसांशी नाते राखणे, या क्षमतेला मानसशास्त्रात भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. बोलीत ती 'इक्यू' या लघुनामानेही ओळखली जाते. नेतृत्व करणाऱ्यांना ती का लागते, ती शिकता येते काय, आणि वऱ्हाडातील नोकरी-व्यवसायाच्या परिस्थितीत तिचा उपयोग कसा करावा, याचा हा आढावा.

संकल्पनेचा प्रवास

बुद्धी म्हणजे केवळ गणित आणि भाषा नव्हे, हा विचार जुना आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये 'सामाजिक बुद्धिमत्ता' हा शब्द वापरून, माणसे समजून घेण्याच्या क्षमतेकडे लक्ष वेधले होते. हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडला. त्यात स्वतःला जाणण्याची आणि इतरांना जाणण्याची, अशा दोन स्वतंत्र बुद्धिमत्ता त्यांनी गणल्या. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोघांनी 1990 मध्ये 'भावनिक बुद्धिमत्ता' या नावाने शोधनिबंध लिहून या संकल्पनेला शास्त्रीय चौकट दिली. मात्र तिला घराघरांत पोहोचविले ते पत्रकार व मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांच्या 1995 मधील पुस्तकाने. पुढे 1998 मध्ये त्यांनी नेतृत्वाच्या संदर्भात तिची पाच अंगे मांडली आणि जगभरातील व्यवस्थापन संस्थांच्या अभ्यासक्रमांत ती स्थिरावली.

ती पाच अंगे अशी :

आत्मभान : या क्षणी मला काय वाटते आहे आणि त्याचा माझ्या बोलण्यावर, निर्णयावर काय परिणाम होतो आहे, याची जाणीव.

आत्मनियमन : भावना दाबून न टाकता तिला आवर घालणे आणि कृतीपूर्वी विचाराला वेळ देणे.

प्रेरणा : पगार व पद यांच्या पलीकडे कामाविषयी असलेली ओढ आणि अपयशातही टिकणारी उमेद.

सहअनुभूती : समोरच्याच्या जागी उभे राहून त्याचे म्हणणे समजून घेणे. ही दया नव्हे आणि होकारही नव्हे.

सामाजिक कौशल्य : नाती जोडणे, मतभेद मिटविणे, माणसांना एका कामासाठी एकत्र आणणे.

या पाचांचा क्रमही अर्थपूर्ण आहे. ज्याला स्वतःचा राग ओळखता येत नाही, त्याला तो आवरता येत नाही. आणि जो स्वतःच्याच रागात गुरफटला आहे, त्याला समोरच्याची भीती दिसत नाही. म्हणून सुरुवात नेहमी स्वतःपासून होते.

वऱ्हाडात हा विषय निकडीचा का?

मुंबई-पुण्यातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत हा विषय प्रशिक्षणाच्या दालनात शिकविला जातो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत त्याची परीक्षा खिडकीवर होते. येथील अर्थव्यवहार कापूस, सोयाबीन आणि तूर या कोरडवाहू पिकांभोवती फिरतो. एप्रिल ते जून हा पीककर्जाचा हंगाम. याच काळात अकोल्याचा पारा अनेकदा 44 अंशांच्या पुढे जातो. बँकेत रांग असते, पावसाची खात्री नसते, बियाण्याचे पैसे हाती नसतात. खिडकीच्या एका बाजूस वर्षाचा हंगाम पणाला लावलेला शेतकरी आणि दुसऱ्या बाजूस दिवसभरात शेकडो माणसांना तोंड देणारा लिपिक, अशी ही भेट असते. तोच शेतकरी नोव्हेंबरात कापूस विकून आला, तर त्याचा स्वर वेगळा असतो. माणूस बदललेला नसतो, ऋतू बदललेला असतो. हे ओळखणारा शाखाधिकारी जूनमध्ये खिडकीवर अनुभवी माणूस बसवितो, पाण्याची आणि बसण्याची सोय करतो, आणि कोणती कागदपत्रे हवीत याचा मराठीतील फलक दाराशीच लावतो. यात सहअनुभूती आहेच, पण ती भाषणात नसून व्यवस्थेत उतरलेली आहे.

आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ महिलेने 1983 मध्ये अशा कामासाठी 'भावनिक श्रम' ही संज्ञा रूढ केली. विमानातील सेविकांना पगारासाठी जसे हात-पाय हलवावे लागतात, तसेच मनात नसले तरी हसरा चेहराही ठेवावा लागतो. हे श्रमच आहेत आणि ते थकवितात, हे त्यांनी दाखविले. एस. टी.चा वाहक, सरकारी रुग्णालयातील परिचारिका, आशा सेविका, अंगणवाडी सेविका, वीज कंपनीचा तंत्रज्ञ, वसुलीसाठी गावोगाव फिरणारा पतसंस्थेचा कर्मचारी हे सारे रोज असे श्रम करतात. त्यांच्या पगारपत्रकात त्याचा रकाना नसतो. किमान वरिष्ठाच्या मनात तरी तो असावा, ही अपेक्षा गैर नाही.

वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील संबंध बिघडले, तर ते कोणत्या थराला जाऊ शकतात, याचा धक्का या भागाने अनुभवला आहे. मार्च 2021 मध्ये मेळघाटातील हरिसाल येथे कार्यरत असलेल्या एका महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने आत्महत्या केली. मृत्यूपूर्वी लिहिलेल्या पत्रांत वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाचा आरोप होता. या घटनेने राज्यभर खळबळ उडाली. दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायव्यवस्थेचे काम आहे. आत्महत्येमागे एकच एक कारण असते, असे मानणेही शास्त्राला धरून नाही. परंतु कनिष्ठाने आपले म्हणणे कोणापुढे मांडावे, ते वेळेत ऐकले जाईल काय, हा प्रश्न त्या घटनेने प्रत्येक कार्यालयापुढे ठेवला आणि तो आजही शिळा झालेला नाही.

संज्ञा नवी, वाट जुनी

भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द परदेशातून आला असला, तरी तिचा वस्तुपाठ वऱ्हाडाने फार पूर्वी पाहिला आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 मध्ये जन्मलेले गाडगे महाराज गावात शिरले, की प्रथम खराटा हाती घेत. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, असा त्यांचा क्रम होता. कीर्तनात ते उपदेश कमी करीत आणि प्रश्न अधिक विचारीत. लोकांच्याच बोलीत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लोकच देत आणि उत्तर देता देता स्वतःची विसंगती ओळखत. स्वतःच्या पाया पडू न देणारा हा माणूस समोरच्या समुदायाला कमीपणा न देता त्याच्या वागण्यात बदल घडवीत होता. व्यवस्थापनाच्या आजच्या भाषेत सांगायचे, तर आधी कृती, मग संवाद, आणि संवादात निष्कर्ष समोरच्याला स्वतः काढू देणे. 1956 मध्ये अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांनी देह ठेवला. 1983 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

दुसरे उदाहरण डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे. ज्या काळात कुष्ठरोग्याची सावलीही नकोशी वाटत असे, त्या काळात, 1946 मध्ये त्यांनी अमरावतीत 'तपोवन' उभे केले. औषधोपचाराइतकेच महत्त्व तेथे हाताला काम मिळण्याला होते. रोगाने शरीराची हानी होते, पण तिरस्काराने माणूस स्वतःच्याच नजरेतून उतरतो. ही दुसरी जखम ओळखणे आणि तिच्यावर दयेचा नव्हे, तर श्रमाच्या प्रतिष्ठेचा उपाय योजणे, ही सहअनुभूतीची फार वरची पायरी होय.

तिसरे उदाहरण अलीकडचे आहे. मेळघाटातील बैरागड येथे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने आपले आयुष्य घालविले. नाममात्र शुल्कात आदिवासींवर उपचार करणाऱ्या या दांपत्याला 2019 मध्ये पद्मश्री किताब मिळाला. त्यांच्या कार्यातील एक वळण नेतृत्वाच्या दृष्टीने मननीय आहे. बालके दगावतात, याचे कारण न्यूमोनिया वा कुपोषण असे वैद्यकीय भाषेत सांगता येत होते. पण त्यामागे अपुरे अन्न, अपुरे वस्त्र आणि हाताला काम नसणे होते. म्हणून डॉक्टर असूनही त्यांनी शेतीचा अभ्यास केला, स्वतः शेती करून दाखविली. जे आपल्याला येते ते समोरच्याला देणे सोपे असते. त्याला जे हवे आहे, ते आपण शिकून घेणे कठीण असते. ऐकण्याची खरी कसोटी ऐकल्यानंतर आपण काय बदलतो, यात असते.

अमरावतीच्या तीस गावांतील प्रयोग

ही तीन थोर माणसांची उदाहरणे झाली. सामान्य माणसाला ही कौशल्ये शिकविता येतात काय, याचेही उत्तर याच जिल्ह्यातून मिळते. 'विश्राम' या नावाने ओळखला गेलेला प्रकल्प अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबविण्यात आला. विदर्भातील ताण आणि आरोग्य हा त्याचा विषय होता. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या तुटपुंजी असल्याने गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. लोकांच्या छोट्या बैठका घ्याव्यात, नैराश्याची लक्षणे सांगावीत, व्यथित माणसाला मानसिक प्रथमोपचार द्यावा आणि गरज असेल त्याला समुपदेशक वा डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे, असे या कामाचे स्वरूप होते.

डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. प्रकल्पापूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी अवघे 4.3 टक्के लोक मदत घेत होते. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण 27.2 टक्के आढळले. ज्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, अशा कार्यकर्त्यांनी ऐकण्याचे आणि बोलते करण्याचे कौशल्य शिकून घेतले, त्याचा हा परिणाम होता. राज्याच्या आरोग्य विभागानेही शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात घरोघर जाऊन तणावाची लक्षणे टिपण्याची जबाबदारी आशा सेविकांवर टाकण्यात आली. या जिल्ह्यांत अमरावती आणि अकोला या दोहोंचा समावेश होता. शाखाधिकाऱ्याने, मुख्याध्यापकाने वा कारखान्यातील पर्यवेक्षकाने शिकावयाचे कौशल्य याहून फार निराळे नाही.

कौशल्य कसे वाढवावे?

भावनिक बुद्धिमत्ता जन्मजात असते आणि ती बदलत नाही, हा समज चुकीचा आहे. प्रशिक्षणाने ती वाढते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसून आले आहे. मात्र एका दिवसाच्या कार्यशाळेने ती येत नाही. सवय लावावी लागते. पुढील सवयी कोणालाही, कोणत्याही खर्चाविना लावून घेता येतील.

पहिली सवय, भावनेला नेमके नाव देण्याची. 'टेन्शन आले आहे' या एका वाक्यात आज सारे कोंबले जाते. वस्तुतः मराठीत चीड, वैताग, संताप, उद्वेग, खंत, धास्ती, असूया, घालमेल, मनस्ताप, अवघडलेपण असे किती तरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. धास्ती असेल तर माहिती मिळवावी, खंत असेल तर चूक दुरुस्त करावी, वैताग असेल तर विश्रांती घ्यावी. भावनेला शब्दांत मांडले, की मेंदूतील भीती-संतापाशी निगडित केंद्राची खळबळ कमी होते, असे मॅथ्यू लीबरमन व सहकाऱ्यांच्या 2007 मधील मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात आढळले. दिवसाअखेर वहीत दोन ओळी लिहाव्यात : आज मी केव्हा भडकलो आणि त्याच्या आधी काय घडले? महिनाभरात स्वतःच्या रागाचे वेळापत्रक स्पष्ट दिसू लागते. कोणाचा राग दुपारच्या जेवणाआधीचा असतो, कोणाचा मुख्यालयातून दूरध्वनी आल्यानंतरचा.

दुसरी सवय, थांबण्याची. राग गिळणे आणि राग आवरणे यांत फरक आहे. जेम्स ग्रॉस यांच्या 1998 मधील प्रयोगात असे दिसले, की भावना केवळ चेहऱ्यावर दिसू न देणाऱ्यांच्या शरीरावरील ताण कमी होत नाही. याउलट, प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टीच जे बदलतात, त्यांना वाटणारा त्रासही कमी होतो. 'याने मुद्दाम अहवाल उशिरा दिला' या जागी 'याला उशीर का झाला असावा?' असा प्रश्न स्वतःला विचारणे, हा तो दृष्टिबदल. रागाच्या भरात लिहिलेले पत्र, ई-मेल वा मोबाइलवरील संदेश त्याच क्षणी पाठवू नये. जेवणानंतर पुन्हा वाचावा. बहुतेक वेळा त्यातील निम्मे शब्द आपोआप गळून पडतात.

तिसरी सवय, पूर्ण ऐकण्याची. कर्मचारी वा ग्राहक बोलत असताना मान खाली घालून सही करीत राहणे, हा अनेक साहेबांचा शिरस्ता असतो. त्याऐवजी दोन मिनिटे लेखणी खाली ठेवावी. ऐकून झाल्यावर त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्यालाच सांगावे : "म्हणजे भाऊ, तुमचा अर्ज मार्चमध्ये दिला होता आणि तेव्हापासून तीन खेपा झाल्या, बरोबर?" काम त्या क्षणी झाले नसले, तरी आपले ऐकले गेले, ही खात्री त्या माणसाला मिळते.

चौथी सवय, बोलीचे भान राखण्याची. वऱ्हाडी बोली मोकळी आणि रांगडी आहे. मित्रांच्या कट्ट्यावरचे "काऊन बे" हे आपुलकीचे असते. तेच शब्द साहेबाने शिपायाला सर्वांसमक्ष ऐकविले, तर ते जिव्हारी लागतात. "काऊन भाऊ, आज उशीर झाला?" या वाक्यात जाबही विचारला जातो आणि मानही राखला जातो. पदाने लहान असलेला माणूस वयाने मोठा असेल, तर 'अहो-जाहो' करण्याने कोणाचे पद कमी होत नाही. बाहेरगावाहून बदलून आलेल्या अधिकाऱ्याने येथील मोकळ्या स्वराला उद्धटपणा समजू नये आणि येथील कर्मचाऱ्यानेही त्या अधिकाऱ्याच्या औपचारिकतेला आखडूपणा मानू नये.

पाचवी सवय, चूक एकांतात आणि कौतुक चारचौघांत सांगण्याची. चूक सांगताना माणसावर नव्हे, तर कृतीवर बोलावे. 'तुम्ही बेजबाबदार आहात' हा शिक्का झाला. 'या महिन्यात दोन अहवाल मुदतीनंतर आले, पुढच्या वेळी मुदत पाळण्यासाठी तुम्हाला काय लागेल?' हा संवाद झाला. कौतुकही 'छान, छान' असे मोघम नसावे. नेमके काय चांगले झाले, ते सांगावे.

कार्यालय बोलते व्हावे

नेत्याची भावनिक बुद्धिमत्ता शेवटी एका गोष्टीवर मोजली जाते : त्याच्यापर्यंत वाईट बातमी किती लवकर पोहोचते? एमी एडमंडसन या संशोधक महिलेने 1996 मध्ये रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. ज्या विभागांत नेतृत्व चांगले होते, तेथे चुकांची नोंद कमी नव्हे, तर अधिक आढळली. कारण उघड होते. तेथील परिचारिका चूक सांगावयास घाबरत नव्हत्या. इतरत्र चुका होत होत्या, पण त्या झाकल्या जात होत्या. पुढे 1999 मध्ये त्यांनी या वातावरणाला 'मानसिक सुरक्षितता' असे नाव दिले.

ज्या कचेरीत 'सर्व ठीक आहे' असेच उत्तर वर्षभर मिळते, तेथील प्रमुखाने समाधान न मानता सावध व्हावे. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटांची बैठक घ्यावी आणि तीत एकच विषय ठेवावा : या आठवड्यात काय अडले? सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यापासून बोलणे सुरू करावे. साहेबांनी सर्वांत शेवटी बोलावे. आधी साहेब बोलले, की पुढचे सारे त्यांच्याच मताची री ओढतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. चूक सांगणाऱ्यावर त्याच बैठकीत तोफ डागली गेली, तर पुढची बैठक निव्वळ चहापानाची होते.

सद्भावना हा नियमांचा पर्याय नव्हे, हेही लक्षात ठेवावे. दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असणे 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. राज्यातील लोकसेवा हक्क अधिनियमाने 2015 पासून अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे. समिती केवळ कागदावर असेल आणि दाखला मुदतीत मिळत नसेल, तर गोड बोलणे ही फसवणूक ठरते. सहअनुभूतीने माणूस ऐकला जातो. त्याचे काम मात्र व्यवस्थेनेच व्हावे लागते.

मर्यादा आणि गैरसमज

या विषयाभोवती बाजारही मोठा उभा राहिला आहे. 'यशात इक्यूचा वाटा ऐंशी टक्के' हे वाक्य अनेक प्रशिक्षण वर्गांच्या जाहिरातींत आढळते. ते खरे नाही. यशात बुद्ध्यंकाचा वाटा सुमारे वीस टक्के असावा, असे गोलमन यांनी लिहिले होते. उरलेले ऐंशी टक्के भावनिक बुद्धिमत्तेचे, हा अर्थ वाचकांनी लावला आणि खुद्द गोलमन यांना पुढे त्याचा इन्कार करावा लागला. उरलेल्या वाट्यात घराणे, शिक्षण, संधी आणि नशीबही येते.

डाना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन यांनी 2010 मध्ये केलेल्या विश्लेषणाचा निष्कर्षही समतोल आहे. ज्या कामात माणसांशी सतत संबंध येतो, तेथे भावनिक बुद्धिमत्ता कामगिरी सुधारते. ज्या कामात तो फारसा येत नाही, तेथे तिचा उपयोग दिसत नाही, उलट संबंध आढळण्याचीही शक्यता असते. म्हणजे खिडकीवरील लिपिकाला ती जितकी लागते, तितकी एकट्याने यंत्रावर काम करणाऱ्याला लागेलच असे नाही. निवड करताना ज्ञान आणि कौशल्य बाजूला सारून केवळ 'इक्यू'च्या चाचणीवर भर देणे योग्य नव्हे.

आणखी एक धोका आहे. इतरांच्या भावना ओळखण्याचे कौशल्य त्यांचा गैरफायदा घेण्यासाठीही वापरता येते. ठेवी गोळा करून गाशा गुंडाळणारे लोक गोडबोलेच असतात. शिवाय 'भावनांवर ताबा ठेवा' हा सल्ला काही वेळा कनिष्ठाचे तोंड बंद करण्यासाठी दिला जातो. जादा तास, थकलेला पगार वा अपमान सहन करून हसत राहणे, याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणत नाहीत. अन्यायाची चीड येणे हेही आत्मभानच आहे. ती चीड कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या शब्दांत मांडावी, एवढेच हे कौशल्य शिकविते.

केव्हा मदत घ्यावी?

सहकारी अचानक अबोल झाला, रजा वाढल्या, नेहमी नेटके काम करणाऱ्याच्या हातून वारंवार चुका होऊ लागल्या, झोप आणि जेवण बिघडले, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येऊ लागली, तर तो आळस वा नाटक नव्हे. अशा वेळी कारणे दाखवा नोटिशीपूर्वी एकांतातील विचारपूस आवश्यक असते. "काही त्रास आहे काय?" असा सरळ प्रश्न विचारावा, उत्तर मध्येच न तोडता ऐकावे, सल्ल्याची घाई करू नये आणि त्याला तज्ज्ञांपर्यंत पोहोचविण्यास साह्य करावे. जीव देण्याचे बोलणाऱ्याला एकटे सोडू नये. वरिष्ठाने समुपदेशक होण्याची गरज नाही. वेळेवर ओळखणे आणि योग्य दारापर्यंत नेणे, एवढे त्याचे कर्तव्य आहे.

केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभाग, तसेच अकोल्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्याकडेही दाद मागता येते. हा क्रमांक प्रत्येक कार्यालयाच्या सूचना फलकावर, हजेरीपटाच्या शेजारी लावला, तर त्याला कोणत्याही मंजुरीची आवश्यकता नाही आणि खर्च एका कागदाचा आहे.